एका घासाला एक शब्द

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर जेवलो. मेथीची भाजी आणि मक्याची भाकर. भाजी मी केली होती, भाकर पण मीच थापली होती, कारण गॅससमोर तिला उभं करणं मी बंद केलं होतं. आम्ही दिवेलागणीलाच जेवतो. थंडी होती. ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, शाल गुंडाळून बसली. समोर ताट, ताटाशेजारी पेन आणि जुन्या कॅलेंडरचं उलटं केलेलं पान. मी गरम भाकर वाढली आणि ती हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"बोला," म्हणाली.

"कडू वास आहे."

"कडू ही चव झाली. वास सांगा."

"हिरवा."

"तो रंग. अहो, अख्खा जन्म भट्टीपुढे काढलात, आणि एवढ्याशा मेथीला घाबरता?"

"मला भूक लागली आहे यार! तू खा न, गरम आहे तोवर."

"बोला, मग खाते."

मी भाजीवर नाक नेलं. मेथीला कसला वास असतो, सांगा तुम्ही! मेथीला मेथीचा वास असतो. पण तसं म्हटलं की ती ताट सरकवायची. मग मला धान मंडी आठवली, सकाळी हमाल पोती सोडतात ती वेळ.

"बारदानाचा," मी म्हणालो. "कोऱ्या बारदानाचा. अजून त्यात काही भरलेलं नाही, असा."

ती हसली. "बारदानी. हा घेते." पानावर लिहिलं आणि घास तोंडात घातला.

त्या संध्याकाळी तिनं पूर्ण भाकर खाल्ली. कितीतरी महिन्यांनी पूर्ण. वर गूळ मागून घेतला. मला राग ह्याचाच येतो. उपाशी राहिली असती तर म्हटलं असतं, खाल्लं नाही म्हणून गेली. ही बाई पोटभर जेवून गेली. आता कुणाला बोलू?

परवा मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. आमच्या इंदुरात मराठी मंडळाचा महिन्याचा अंक निघतो, आणि त्यातलं शब्दकोडं वर्षानुवर्षं माझी बायको बनवायची. सेक्रेटरी नवा आहे, पुण्याहून कंपनीत नोकरीला आलेला. म्हणाला, "काका, काकूंवर चार ओळी द्या. त्यांच्या नाकाबद्दल जरूर लिहा हं. काय नाक होतं! वासावरची अशी कोडी आम्ही पुण्यात पण नाही पाहिली."

तर लिहितो. नाक चेहऱ्यावर होतं, चांगलं सरळ होतं. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जो ताप आला, त्यानंतर त्या नाकाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. फूल कळत नव्हतं, फिनाइल कळत नव्हतं. ती जिवंत आहे तोवर कुणाला सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली होती. तोवर संपलं. आता सांगतो. चार ओळींत मावणार नाही. मी सातवी पास आहे, लिहिताना चुकेन. सेक्रेटरीनं सुधारायला जाऊ नये.

ती माझ्यासारख्याला मिळाली कशी, हे आधी सांगायला पाहिजे. तिचे आजे-पणजे दरबारी नोकर. दरबार गेला, घरात एक पगडी उरली, ती उंदरांनी कुरतडली. पण पोरगी बी.ए. झालेली आणि तोंडानं तिखट. बघायला मुलगा आला की पोह्यांची बशी हातात द्यायची आणि विचारायची, "कसला वास येतोय?" मुलगा म्हणायचा, छान. झालं, तो मुलगा कटला. बँकेतला कटला, एक मास्तर कटला, एक तर वकील होता. मला माझी मावशी जबरदस्तीनं घेऊन गेली. मी जुन्या इंदुरात शेवेच्या दुकानात कारीगर, अंगाला तेलाचा वास, मला कशाची आशा? तिनं विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "जिरावन शिळं आहे." पोह्यांवर आमच्याकडे जो मसाला भुरभुरतात ते जिरावन. मावशीनं माझ्या पायावर पाय दिला. तिच्या वडलांचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि आतून तिचा आवाज आला, "हाच."

नंतर मी विचारलं, तुझं डोकं ठिकाणावर होतं का? तर म्हणाली, "माणूस आधी वासानं कळतो, मग भुकेनं, मग रूपानं. लोक उलट्या बाजूनं सुरू करतात, म्हणून फसतात." हे वाक्य तिनं जन्मभर वापरलं. भाच्यांच्या लग्नात वापरलं, मुलीच्या लग्नात तर जावयाच्या तोंडावर वापरलं.

चौकोन हे तिचं वेड. ओल्या फरशीवर बोटानं चौकोन, परातीतल्या पिठावर चौकोन, बसच्या काचेवर वाफ धरली की तिथं चौकोन. बर्फी थापली की कोड्यासारखी कापायची आणि मधले काही तुकडे आधीच काढून टाकायची, म्हणजे काळी घरं झाली पाहिजेत. पाहुण्यांना वाटायचं, ही कंजूस आहे. ते तुकडे मग मी खायचो. सांगायचं कुणाला, की बर्फीत काळं घर ठेवायचं असतं?

सरळ बोलणं तिला यायचंच नाही. भाजीवाल्याला म्हणायची, "भैया, वो दो जो काटो तो चिपकती है और सूखे तो अकड़ती है." तो हात जोडायचा, "माताजी, पहेली मत बुझाओ, सीधा बोलो, भिंडी चाहिए कि नहीं." राजवाड्याच्या गर्दीत समोरून कुणी आलं की माझ्या कानाशी लागायची, "तीन अक्षरं. पोट आधी पोचतं, माणूस मागून." मी म्हणायचो, गप चल, त्याला ऐकू जाईल. पण अपन पण हसायचो, खोटं कशाला बोलू?

मला पण तिनं सोडलं नाही. एका अंकात छापलं: 'अंगाला बेसन, तोंडाला मिरची, चार अक्षरं.' उत्तर शेववाला. सगळ्या मंडळानं मला सोडवलं. दुकानातली पोरं म्हणाली, "भिया, भाभी ने तो आपको पेपर में तल दिया." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनं माझ्या ताटाखाली चिठ्ठी सरकवली: 'फुगतो पण पुरी नाही.' आता ह्या बाईशी भांडायचं तरी कसं?

तिची कोडी लोक आवडीनं सोडवायचे ती ह्यासाठी, की त्यात खाणं असायचं, वास असायचा, माणसांची तोंडं असायची. 'पोटात असते, डोळ्यांत दिसते, आजाऱ्याकडून पळते': भूक. 'आरसा फुटला तरी आपल्याकडे राहतं': रूप. मला ती आधी वाचून दाखवायची आणि मला उत्तर आलं की कापून टाकायची. म्हणायची, "तुम्हाला आलं म्हणजे सोपं झालं." आणि वर चहा मागायची.

तर तो ताप. दोघांना आला. दोघांचंही नाक गेलं, डॉक्टर म्हणाला येईल परत. माझं आलं. एका सकाळी गल्लीतल्या कढईतल्या कचोरीचा वास घरात शिरला आणि मी पोरासारखा ओरडलो, "आला ग, आला!" ती पलंगावरून म्हणाली, "माझाही आला." तिथंच खोटं बोलली. जन्मभर कोडी घातली, पण खोटं कधी बोलली नव्हती. ते पहिलं.

मग दूध करपायला लागलं. विचारलं तर म्हणायची, "मुद्दाम खरपूस केलं." मग भाजीत मोहरी जळायला लागली. मुद्दाम. मग एक दिवस गॅस नुसताच चालू राहिला, खिडकी उघडी होती म्हणून वाचलो. मी बोंब ठोकली तर म्हणाली, "विसरले, म्हातारी झाले." मी मान्य केलं, कारण म्हातारी तर ती झालीच होती.

उलगडलं ते भुट्ट्याच्या किसानं. मंडळाची कमिटी आमच्या घरी जमणार होती, अंकाचं काहीतरी ठरवायला. तिनं सकाळीच भुट्टे किसून, दुधात शिजवून, कोथिंबीर-खोबरं घालून पातेलं भरून ठेवलं. मे महिना. दुपारभर लाइट नव्हती. मी दुकानावर गेलो होतो. आता भट्टीवर बसवत नाही, पण जाऊन पोरांवर ओरडून येतो, तेवढाच जिवाला आराम. परत आलो तेव्हा कमिटी चपला घालत होती. मला दारातच आंबूस वास आला. आत गेलो तर कुंड्यांच्या मागे वाट्या. एक तुळशीच्या आड, एक पेपराखाली झाकलेली, एक तर सोफ्याच्या मागे, पेपर नॅपकिननं वरून पांघरूण घातलेली. सगळ्या भरलेल्या. आणि बाहेरून आवाज येतायत, "वा काकू, काय किस झाला होता! हा खरा इंदुरी टेस्ट!"

मी जिना उतरून सेक्रेटरीला गाठलं.

"तुम्हाला तोंडात जीभ नाही का?"

"काय झालं काका?"

"किस नासला होता. तुम्हा सगळ्यांना कळला होता. मग बोलले का नाही?"

तो गोरामोरा झाला. "काका, काकूंनी एवढ्या प्रेमानं केलं होतं. त्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि ती मागून खाऊन मेली असती तर कुणाला वाईट वाटलं असतं?"

त्यानं गाडीला किक मारली. ही तुमची सभ्यता. माणूस विष खात असेल तरी वा वा म्हणायचं आणि आपली वाटी कुंडीमागे लपवायची. शिव्या देणारे हलवाई परवडले.

मी वर आलो. आणि बघतो तर ती पातेल्यासमोर बसून तोच किस खात होती. मोठा वाडगा भरून. मी हातातून ओढून घेतला.

"नासलाय तो!"

"कुणी सांगितलं? सगळे छान म्हणाले."

मी वाडगा तिच्या नाकाखाली धरला, अगदी टेकवला. तिनं श्वास आत घेतला, माझ्याकडे बघितलं, परत घेतला. चेहरा तसाच. शाळेत उत्तर न येणाऱ्या पोराचा असतो तसा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून."

"आला म्हणाली होतीस."

"तुम्ही एवढे खूष होता. माझ्यासाठी सुतक कशाला?"

"डॉक्टरला तरी सांगायचं!"

"सांगितलं. एकटी गेले होते. तो म्हणाला, आता नाही यायचा बहुतेक." मग पदरानं हात पुसत म्हणाली, "मंडळात कळू देऊ नका. एकदा कळलं की लोक कोडं सोडवणार नाहीत. माझी कीव करत बसतील."

मी खूप बोललो त्या दिवशी. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "झालं? आता ते पातेलं घासून घ्या. मला त्याचा वास येत नाही, तुम्हालाच त्रास." अशी होती.

खरी पंचाईत त्याच्या पुढची. वास नाही म्हणजे चव नाही, आणि चव नाही म्हणजे भूक नाही. मी विचारलं, जेवताना काय लागतं? म्हणाली, "ओला कागद. डाळ म्हणजे पातळ कागद, भात म्हणजे फाटलेला कागद." दोन घास खाऊन उठायची. माझ्यापुढे खायची ते पण माझ्यासाठी. ब्लाउज ढिले झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आणि बायका काय म्हणतात? "काकू, किती छान बारीक झालात! काय करता?" बाई आतून सुकत चालली आणि ह्यांना ती दिसायला लागली! खजराण्याच्या गणपतीला गेलो तर तिथं एक ओळखीची म्हणाली, "वहिनी, उतारवयात रूप आलं तुम्हाला." मी तिला काहीतरी बोलणार होतो, हिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. देवासमोर.

मुलगी बंगलोरला. ती फोनवर चेहरा बघायची आणि रडायची. मग मला सांगायची, "बाबा, तिला स्मूदी द्या." स्मूदी म्हणजे काय, तर तोच ओला कागद मिक्सरमधून काढलेला. डॉक्टर म्हणाला, "वजन असंच उतरत राहिलं तर साध्या खोकल्यात जातील. काही करा, पण खायला घाला." काही करा! फी घेतो तो, आणि करायचं मी.

केलं. माझ्या हातात जेवढं होतं तेवढं केलं. लवंगी शेव केली, की चव नाही तर तिखटाचा चटका तरी लागेल. लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं बशी सरकवली. गराडू, आमच्याकडचा थंडीतला कंद, तळले कडक, की निदान दाताखाली आवाज होईल. आवाज झाला, दोन तुकड्यांत तिला आवाजाचाही कंटाळा आला. मी पातेली आपटायचो. ती म्हणायची, "पातेल्यानं काय केलं तुमचं?"

एक दिवस शेजारच्या घरी डाळीला फोडणी पडली आणि मी जेवता जेवता बडबडलो, "ह्यांचा लसूण आज पण जळला. कसा वास मारतोय, जसा सायकलचा ट्यूब जाळला." मी माझ्या नादात होतो. बघतो तर हिनं घास घेतला होता आणि चावत होती. हळूहळू, डोळे मिटून.

"काय झालं?"

"ट्यूब," म्हणाली. "आठवला मला. अजून बोला."

"काय बोलू?"

"आपल्या डाळीचा वास सांगा. तुमच्या बोलण्यानं जरा काहीतरी लागतं."

तिथून सुरू झालं. एका घासाला एक शब्द. मी वास घ्यायचा, मी शब्द द्यायचा, मग ती खाणार. आणि शब्द कसा पाहिजे? आधी दिलेला चालणार नाही. चव चालणार नाही, रंग चालणार नाही. मी सुरुवातीला म्हणायचो, चांगला वास आहे. ती म्हणायची, "चांगला हा वास नाही, पाटीवरचा शेरा आहे. दुसरा द्या." म्हणजे बघा! ज्या माणसानं सातवीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही, त्याला म्हातारपणी रोज दोन वेळा परीक्षा, आणि नापास झाला की बायको उपाशी. मला राग यायचा. ताट भिंतीवर फेकावंसं वाटायचं. पण ती बसलेली असायची हात मांडीवर ठेवून, आणि तिची मनगटं मला दिसायची. मग मी परत नाक घालायचो वरणात.

शब्द संपायचे. अर्ध्या पोळीत संपायचे. मग मी दुपारी घरातून निघायचो आणि बाजारात वास गोळा करत फिरायचो. मसाल्याच्या पोत्यांवर वाकायचो, चामड्याच्या दुकानात उगीच उभा राहायचो, लोहाराच्या भट्टीपाशी, कापडाचे ठाण उलगडतात तिथं. अत्तरवाल्यानं एकदा हटकलं, "बाबा, लेना हो तो लो, सूँघ-सूँघ के माल हल्का मत करो." मी म्हटलं, "भिया, बीवी को खाना खिलाना है." तो वेडा आहे म्हणून हसला, पण एक काडी अत्तरात बुडवून दिली फुकट. ती घेऊन घरी येईस्तोवर अर्धा वास उडाला. जे उरलं त्याला मी 'दुपारच्या देवळाचा' म्हणालो. तिनं त्याच्यावर चार घास खाल्ले, एका शब्दाला चार घास, नियम मोडून. नंतर म्हणाली, "आज सूट दिली. रोज मिळणार नाही."

जे शब्द आवडायचे ते कॅलेंडरच्या पानावर जायचे, आणि तिथून कोड्यात. माझं त्यात काही नाही. विटा मी आणायचो, घर ती बांधायची. मी म्हणालो, सायकलच्या ट्यूबसारखा, तर ती त्याचं असं काहीतरी फिरवून लिहायची की वाचल्यावर मला स्वतःलाच उत्तर यायचं नाही. ह्याच काळात तिनं ते सगळं वासाचंच कोडं केलं, जे तुम्ही सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. प्रवास, वनवास, सहवास, सगळीकडे वास. 'उलटा केला की पावानं वाढतो, दोन अक्षरं.' मला बोटांवर दाखवलं तिनं, वास उलटा केला की सवा. आणि ते दुसरं, ज्याला मंडळाच्या कार्यक्रमात बक्षीस मिळालं: 'वास आहे, घास नाही, चार अक्षरं.' उत्तर उपवास. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरी माइकवर म्हणाला, "असं नाक असावं!" मी पाठीमागच्या रांगेत बसलो होतो. तिच्या ताटात घास होता आणि वास नव्हता, हे त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं. मला उठून ओरडायचं होतं की टाळ्या कसल्या वाजवता, बाई उपाशी आहे. तिनं स्टेजवरून माझ्याकडे बघितलं. शपथेची बाई. मी बसून राहिलो. नंतर तिथं समोसे आले. तिनं बशी हातात धरली आणि गर्दीतून माझ्याजवळ येऊन उभी राहिली, नुसती. मी हळूच म्हणालो, "रद्दीचा. तळलेल्या रद्दीचा वास आहे." ती खदखदून हसली आणि तो भिकार समोसा खाल्ला. अख्खा.

वजन थांबलं. मग जरासं वाढलं. डॉक्टर म्हणाला, "व्हेरी गुड, काय औषध चालू आहे?" ती म्हणाली, "शब्दकोडं." त्याला वाटलं, म्हातारीची थट्टा. बांगड्या मनगटाकडे परत यायला लागल्या होत्या, हे मी रोज बघत होतो. मी जिंकत आलो होतो, हे लिहून ठेवतो. माझ्याकडे अजून शब्द होते. मेथीचा दिला त्याच्या पुढचे पण मी मनात जमवून ठेवले होते, दुसऱ्या दिवशीच्या पिठल्यासाठी, सकाळच्या चहासाठी. त्या वायफळ शब्दांचं आता मी काय करू? लोणचं घालू?

त्या संध्याकाळी जेवून ती म्हणाली, "आज पोट भरल्यासारखं वाटतंय. असं वाटतं हे विसरलेच होते." मी ताटं उचलली. ती निजायला गेली. मी दार-खिडक्या लावल्या, गॅसचं बटण दोनदा बघितलं आणि निजलो.

सकाळी मी चहा टाकला. आलं ठेचलं, हाक मारली. ती रोज माझ्या हाकेच्या आधी उठलेली असायची. उठली नव्हती. मी परत हाक मारली, मग शिवी दिली, मग जाऊन खांदा हलवला. अंग गरम होतं. श्वास होता का नव्हता, मला कळेना. शेजारच्या भाभीजींचं दार बडवलं, त्यांनी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. मी घरात परत आलो आणि स्वयंपाकघरात गेलो, टोपलीतला कांदा घेतला, ओट्यावर ठेवून बुक्कीनं फोडला. माणूस शुद्धीवर नसला की आमच्याकडे कांदाच हुंगवतात, आईनं मला हुंगवला होता, भट्टीवर चक्कर आलेल्या पोरांना मी हुंगवला होता.

मला माहीत होतं तिला वास येत नाही. माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? तरी तो फोडलेला कांदा मी तिच्या नाकाशी धरला. पाणी माझ्याच डोळ्यांना आलं. तिला काही नाही. मग मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि त्याचा वास सांगायला लागलो. झोंबरा, म्हणालो. ओल्या मातीचा. गंजक्या सुरीचा. पावभाजीच्या गाडीचा. भांडण झालेल्या घराचा. जे तोंडाला येईल ते, चव म्हणालो, रंग म्हणालो, चांगला पण म्हणालो. ओरडून ओरडून सांगत होतो, गल्लीतली माणसं दारात जमली. गाडीवाले जिन्यातून स्ट्रेचर घेऊन आले, त्यातल्या एकानं तिची नाडी बघितली आणि दुसऱ्याकडे मान हलवली. भाभीजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "भाईसाब, अब बस करो."

मी बस केलं नाही.